उजव्या दांडीवरचा दावा

इंदूर, तळमजला
१४ जुलै २०२५

चिरंजीव शरद यास,

आशीर्वाद तूर्त स्थगित ठेवले आहेत. कारण पुढे येईल.

तू आमच्या डोक्यावर राहतोस, हे विधान केवळ वास्तुशास्त्रीय अर्थाने घ्यावे. वरच्या मजल्यावर तुझे ताट पडले तर खालच्या मजल्यावर आमचा घास थांबतो, इतके आपले सान्निध्य. तरीही हे पत्र मी तिकीट लावून टपालात टाकत आहे. गेल्या अनंत चतुर्दशीपासून आपल्या दोघांतील संवाद पाण्याच्या टाकीपुरता उरला आहे. तू जिन्यातून ओरडतोस, "दादा, मोटर बंद करो!" मी उत्तरतो, "केली!" एवढ्या शब्दसंपदेत मला जे म्हणायचे आहे ते मावत नाही.

काल मंडळाच्या सभेत तू ठराव मांडलास की यंदा विसर्जनाच्या पालखीस पुढच्या उजव्या दांडीवर जयेश असेल. "दादाला आराम देऊ या," असे तुझे शब्द होते. बाळकृष्णकाकांनी अध्यक्षपदाच्या खुर्चीतून मान डोलावली. जयेश हा त्यांचा पुतण्या. व्यायामशाळेत जातो आणि त्याचे दंड त्याच्या आधी सभागृहात प्रवेश करतात. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. माझी तक्रार तर्कशास्त्रीय आहे.

गतवर्षी तू मला ढोंगी म्हणालास. यंदा तू मला अपंग म्हणतोस. या दोन पदव्या एकाच विद्यार्थ्यास एकाच दीक्षान्त समारंभात देता येत नाहीत. ढोंगी मनुष्य मुळात धडधाकट असावा लागतो. तेव्हा आधी तुझे काय ते एक ठरव.

अभिलेखासाठी घटनाक्रम नोंदवतो, कारण तुझी स्मृती सोयीस्कर ठिकाणी विश्रांती घेते. तेवीस सालची दिवाळी. दुसऱ्या दिवशी तू मला गौतमपुऱ्यास हिंगोट बघायला नेलेस. ज्या फळाच्या पोटात दारू ठासून दोन गावांची माणसे एकमेकांवर पेटवून फेकतात, ते फळ शक्यतो दुरून बघावे, असे माझे नम्र मत होते. तू म्हणालास, "यहाँ से क्या दिखेगा, दादा, पुढे चल ना." आणि माझा हात धरून मला जाळीपाशी नेलेस. एक हिंगोट वाट चुकून आपल्या बाजूला आले, गर्दी मागे फिरली आणि मी गर्दीच्या तळाशी सापडलो. डाव्या खांद्याशी हाड मोडले. हात झोळीत गेला. याबद्दल मी तुला कधी अक्षरानेही दोष दिला नाही. हिंगोटास डोळे नसतात.

हाड जुळले. क्ष-किरणात ते शाळेच्या फळ्यावरील सरळ रेषेसारखे दिसू लागले. आणि खांदा दुखतच राहिला. सदरा घालताना, कुशीवर वळताना, स्कूटर गतिरोधकावरून जाताना, आणि कित्येकदा काहीही न करताना.

अशा अवस्थेत गतवर्षी मी परंपरेप्रमाणे उजव्या दांडीस उभा राहिलो. नियम आपल्या बाबांचा: पुढची जोडी सख्ख्या भावांची, उंचीने सारखी; थोरला उजव्या दांडीस, धाकटा डाव्या; मागच्यांनी हवे तितके खांदे बदलावेत, पुढच्यांनी मंडपापासून कुंडापर्यंत बदलू नयेत. उजव्या दांडीचा भार डाव्या खांद्यावर येतो, हे तुला समजावण्याची गरज नाही. वाटेवरच्या पाण्याच्या टाकीपाशी वळलो आणि माझ्या खांद्यात असा काही लोळ उठला की दांडी सुटली. पालखी कलली. बाप्पांचा मुकुट सरकला. बाळकृष्णकाकांच्या मुखातून आरतीत नसलेला एक शब्द निघाला. ढोल थांबले, आणि त्या शांततेत तू, माझा सख्खा भाऊ, म्हणालास:

"दादा, नाटक बंद कर. हड्डी कब की जुड़ गई."

लोक हसले. का हसणार नाहीत? याच मंडळाच्या रंगमंचावर मी दर गणेशोत्सवात मरत आलो आहे. बाण लागून मेलो, विष पिऊन मेलो, पुत्रशोकाने तर दोनदा मेलो. माझ्या मरणास टाळ्या पडतात. म्हणून माझ्या दुखण्यास हशा पडला.

मी तो हशा विसरलेलो नाही. उजव्या दांडीवरचा माझा हक्क सोडलेला नाही. जयेशला तसे कळवावे.

केवळ रक्तसंबंधाने तुझा,
दिवाकर


तळमजला
२७ जुलै २०२५

शरद,

माझ्या विस्तृत पत्राचे तुझे उत्तर मोबाइलवर पोचले. एक अंगठा. पिवळा. मी संस्कृतचा शिक्षक आहे. संक्षेपाचा मला आदर आहे. परंतु सूत्रकारांनीही निदान क्रियापद तरी ठेवले असते.

शिवाय आमच्या उंबऱ्यावर गरम पाण्याची रबरी पिशवी सापडली. ती तू ठेवलीस हे तिला आलेल्या तुझ्या कारखान्यातील वार्निशच्या वासावरून ओळखले. घंटी वाजवण्याचे कष्ट तू घेतले नाहीस, म्हणून आभार मानण्याचे कष्ट मीही घेत नाही.

टपालवाल्या गजाननजींचीही तू दया करावीस. पहिले पत्र घेऊन आले तेव्हा मी ओट्यावरच बसलो होतो. पाकिटाकडे, मग माझ्याकडे, मग जिन्याकडे बघून म्हणाले, "भियाजी, ये तो ऊपर का है. आप ही आवाज़ लगा के दे दो ना."

"गजाननजी, आवाज लावण्याइतके संबंध उरलेले नाहीत."

"हओ," म्हणाले, आणि जिना चढता चढता स्वतःशीच पुटपुटले, "पढ़े-लिखे लोग हैं."

आता मुद्दा. तुला वाटते की मी बरा होण्याचा प्रयत्नच केला नाही. ऐक तर. अस्थितज्ज्ञांनी गोळ्या दिल्या. खांदा थोडा शमला आणि जठर पेटले. देपालपूरच्या एका वैदूने तेल चोळताना माझ्याकडून सर्व देवतांची नावे वदवून घेतली. चुंबकाचा पट्टा झाला, तांब्याचे कडे झाले. सहशिक्षकांपैकी प्रत्येकाची एक मावशी आहे आणि प्रत्येक मावशीस एका लेपाने गुण आला आहे.

शेवटी एमआरआय काढला. निष्कर्ष ऐकायला गेलो तेव्हा माझे हृदय धडधडत होते, आणि ते कशासाठी, हे मी तुझ्या अमितावहिनीलाही सांगितलेले नाही. काही तरी निघावे म्हणून. एखादा तंतू तुटलेला असावा, काही सरकलेले असावे, बोट ठेवून दाखवता येईल असे काही. डॉक्टर म्हणाले, "बधाई हो सर, सब नॉर्मल है." मी त्यांच्या टेबलावरची पेपरवेट उचलून त्यांच्या अभिनंदनावर मारणार होतो. शरद, अहवाल निर्दोष आला म्हणून दवाखान्याबाहेर संतापाने थरथरणारा मनुष्य तू पाहिला आहेस का? तो मी होतो. त्या कागदावर तुझे वाक्य छापलेले होते: नाटक बंद कर.

तुझ्या विनीताने अमितास विचारले म्हणे, की मंगळवारी खालून धाडकन आवाज कसला आला. त्याविषयी मी काही लिहिणार नाही.

तो गॅसचा सिलिंडर होता. भरलेला. सोमवारी संध्याकाळी मी गच्चीच्या जिन्यातून पाहिले, तू आणि जयेश वाळूच्या पोत्यांनी पालखीचा सराव करत होता. त्याला तू "थोडा वर, थोडा वर" असे सांगत होतास, जसे तू फक्त मला सांगायचास. दुसऱ्या दिवशी मी सिलिंडर डाव्या खांद्यावर घेऊन अंगणास प्रदक्षिणा घातली. ती पूर्ण झाली, हे नमूद करतो. सिलिंडर नंतर पडला, हेही करतो. त्यानंतर मी आडवा आहे. शाळेस रजेचा अर्ज गेला आहे. हे पत्र उजव्या हाताने, छताकडे बघत लिहीत आहे, आणि छताच्या वर तू आहेस.

दिवाकर


तळमजला
९ ऑगस्ट २०२५

शरद,

अमिताने मला एका फिजिओथेरपिस्टकडे नेले. नाव उर्वी, आपल्याकडचीच, अन्नपूर्णा मंदिराजवळ तिचे केंद्र आहे. वयाने माझ्या जुन्या विद्यार्थिनींइतकी. मी प्रवेश केला तो पूर्ण वेशभूषेत, म्हणजे सर्व अहवाल काखेत मारून आणि प्रतिवाद पाठ करून.

तिने हात वर नेऊन, मागे वळवून, बोटांची ताकद बघून नीट तपासले. मग अहवाल वाचले. मी म्हणालो, "बाई, आता आपणही म्हणाल की हे सारे मनाचे खेळ आहेत. म्हणून टाका. मी अभिनेता आहे, टीका सोसतो."

ती म्हणाली, "काका, दुखतंय ना?"

"हो."

"तो दुखतंय. बात ख़तम. हड्डी जुड़ गई, ती गोष्ट पण खरी, आणि दुखतंय, ती पण खरी. दोन्ही एकसाथ होऊ शकतं."

माझ्या डोळ्यात काही गेले. इंदूर स्वच्छतेत देशात अग्रगण्य असूनही धूळ कुठून येते कळत नाही.

पुढे तिने सांगितले की मज्जासंस्था मोठ्या इजेनंतर कधी कधी अतिदक्ष होऊन बसते, धोका टळला तरी इशारा देत राहते. वेदना खरी असते, पण प्रत्येक वेदना म्हणजे नवी इजा नव्हे. हे मला शब्दशः समजले आणि अर्थतः समजले नाही. उमगले ते घरी, आणि उमगले ते तुझ्यामुळे, हे लिहिताना माझी लेखणी अडखळते.

पोलोग्राउंडला तुझ्या कारखान्यात एका शेतकऱ्याची मोटर पुनःपुन्हा येत होती, आठवते? जळली, तू नवे वाइंडिंग भरलेस, तपासलीस, निर्दोष. तरी त्याच्या विहिरीवर ती चालू केली की क्षणात बंद पडायची. तो तुझ्या अंगावर ओरडत होता आणि तू त्याच्या. शेवटी तू स्वतः गेलास, आणि परत येऊन जेवताना सांगितलेस: मोटर ठीक, वाइंडिंग ठीक, एकदा जळाली म्हणून त्याने घाबरून पॅनलमधला ओव्हरलोड रिले इतका खाली लावून ठेवला होता की जरा भार आला की तो मोटरची वीज तोडायचा. तेव्हा तू त्या शेतकऱ्यास काय म्हणालास? "नाटक बंद कर" म्हणालास? नाही. तू म्हणालास, "भिया, मोटर झूठ नहीं बोल रही, रिले डर गया है."

एका यंत्रास तू ही करुणा दाखवलीस, शरद. पाच अश्वशक्तीच्या. मी तर तुझा भाऊ.

आणि तूच सांगितले होतेस की यावर दोन मूर्ख उपाय असतात. एक, रिले काढून तारा थेट जोडणे. त्यास मी सिलिंडर म्हणतो. दुसरा, मोटर कायमची बंद ठेवणे. त्यास तू आराम म्हणतोस. शहाणा माणूस थोडा भार देतो, चालवतो, मग रिले किंचित वर घेतो, पुन्हा चालवतो.

उर्वीचे शास्त्र हेच आहे. तूरडाळीची पिशवी डाव्या हाताने उचलायची; दुखू लागण्याच्या आधी ठेवायची. दुखल्यावर नव्हे, आधी. बरा दिवस आला म्हणून हावरेपणा नाही, वाईट दिवस आला म्हणून संन्यास नाही. झोप वेळेवर. अमिता स्वयंपाकघरातून हाक मारते, "ठेवा आता!" आणि मी ठेवतो. आयुष्यात प्रथमच मी संवाद संपण्यापूर्वी रंगमंच सोडायला शिकत आहे.

निघताना उर्वी म्हणाली, "काका, तुम्ही कोणावर तरी ख़ूप चिडलेले आहात ना? वो भी लोड है."

मी म्हणालो, "तो भार नव्हे, बाई. सध्या तोच माझा आधार आहे."

दिवाकर


तळमजला
२४ ऑगस्ट २०२५

शरद,

हे पत्र मी तीनदा फाडले. मागील तिन्ही प्रतींत शिव्या होत्या, त्याही संस्कृत नसलेल्या.

काल सकाळी सदरा घालताना हात अडकला आणि मी ओरडलो. अमिताने बाही सोडवली. मी म्हणालो, "वरच्यांना ऐकू गेले असेल. आता नाटकाचा प्रयोग सकाळीही असतो म्हणतील."

ती म्हणाली, "भाऊजींना ऐकू जातं. रोज जातं."

"मग?"

"विनीता म्हणते, तुमचा आवाज आला की ते टीव्ही मोठा करतात. आणि तो लागलेला नसला तर लावतात."

हे ऐकून मी प्रथम जे बोललो ते येथे लिहीत नाही. माझ्या वेदनेवर तू बातम्या लावतोस! मी जिन्यापर्यंत गेलो होतो, शरद. वर येऊन तुझा तो टीव्ही उजव्या, निर्दोष हाताने अंगणात फेकणार होतो. अमिता दारात आडवी झाली आणि म्हणाली, "ते गौतमपुऱ्याहून परत आलेच नाहीत अजून. तुम्हाला दिसत नाही?"

मी जिन्यात बसलो. बसलो, कारण मला ते दिसले, आणि दिसल्यामुळे माझा राग दुप्पट झाला.

मी बरा झालो तर तू सुटलास. हाड जुळले की जाळीपाशी नेणारा हातही निर्दोष ठरतो. म्हणून माझे हाड कधी जुळले हे तुला माझ्यापेक्षा अधिक पाठ आहे. म्हणून भर मिरवणुकीत तुला ते ओरडून सांगावे लागले. आणि ज्या दिवशी कळले की मी बरा नाही, त्या दिवशी तू मला पालखीपासूनच दूर केलेस, म्हणजे रोज बघायला नको. तू मला खोटा ठरवलेस, मग निरुपयोगी ठरवलेस. कारण मी खरा ठरलो असतो तर तुला स्वतःकडे बघावे लागले असते. माझा खांदा माझा आहे, शरद! तुझ्या अपराधभावाचे ते गोदाम नव्हे. मी एकदाही तुझ्यावर आरोप ठेवला नाही, आणि न ठेवलेल्या आरोपातून सुटण्यासाठी तू माझ्या वेदनेस साक्षीदार म्हणून खोटे पाडत राहिलास.

आता माझी मागणी. मी बाळकृष्णकाकांकडे गेलो होतो. म्हणालो, मी उजव्या दांडीस येईन, मात्र पुढच्या जोडीस खांदा बदलण्याची मुभा द्यावी. दुखण्याच्या आधी बदलला तर मी कुंडापर्यंत पोचेन. ते म्हणाले, "दिवाकर, पुढची जोडी खांदा बदलत नाही. ये क्या मज़ाक है? तुझ्या बाबांनी कधी बदलला?"

बाबांनी कधी बदलला नाही. बाबांना अखेरच्या वर्षांत उजवा हात कपाळापर्यंत नेता येत नव्हता, आणि आपण दोघे त्यास वय म्हणत होतो. ते धाकटे होते. डावी दांडी, उजवा खांदा. हे तुला आठवते का? मला काल जिन्यात आठवले.

अनंत चतुर्दशीस मी मंडपात येणार. बाबांचा नियम मोडायचा की मला मोडू द्यायचे, हे तू ठरव. पिवळा अंगठा पाठवलास तर तो मी तसाच परत पाठवेन.

दिवाकर


तळमजला
७ सप्टेंबर २०२५

प्रिय शरद,

"प्रिय" हा शब्द सवयीने लिहिला गेला, खोडत नाही.

कालचा वृत्तान्त तुला ठाऊक आहे, कारण तू तेथे होतास. तरीही लिहितो, कारण माझ्या बाजूने तो कसा होता हे तुला ठाऊक नाही.

मी मंडपात आलो तेव्हा जयेश उजव्या दांडीपाशी उभा होता, कपाळास गुलाल, गळ्यात उपरणे. मी म्हणालो, "बाजूला हो." तो म्हणाला, "काका, मला बोलले आहेत..." आणि त्याने तुझ्याकडे बघितले. मीही बघितले. सगळे मंडळ बघत होते. माझ्या खांद्यात तेव्हाच, दांडीस स्पर्शही न करता, कळ सुरू झाली होती. उर्वी म्हणते असे होते; भीती आणि राग यांनाही रिले ओळखतो. मनात मी ठरवले होते: तू जयेशला थांबवले नाहीस तर मी ती दांडी हिसकावून घेईन आणि यंदा पालखी खाली पडली तरी चालेल.

तू म्हणालास, "जयेश, तू मागे हो रे. थोरला उजवीकडे असतो."

आणि डाव्या दांडीस येऊन उभा राहिलास. माझ्याकडे न बघता. मी मनात म्हणालो, छान. म्हणजे हा मला नियमाने मारणार आहे. कुंडापर्यंत, खांदा न बदलता.

मोरयाचा गजर झाला. उचलली. चार घरे गेली नसतील. मला अजून काहीही होत नव्हते, हे तू ध्यानात घे. खांदा शांत होता. आणि तू घशाच्या शिरा ताणून ओरडलास, "खांदा!"

मागची जोडी बदलू लागली. तू म्हणालास, "मागे नाही. पुढे! दादा, इकडे ये."

ढोलवाल्यांचा ठेका चुकला. बाळकृष्णकाका गर्दीतून धावत आले. "अरे शरद, पुढची जोडी बदलत नाही! तुझ्या बाबांनी..."

"बाबांचा हात वर जात नव्हता, काका," तू म्हणालास. "आज से बदलेगी. हर मोड़ पे बदलेगी. ज्याला घाई आहे त्याने पुढे जाऊन कुंडावर बसावं."

जयेशने आणि मागच्यांनी दांड्या तोलून धरल्या, आपण पालखीपुढून एकमेकांना ओलांडले. माझ्या उजव्या खांद्यावर डावी दांडी आली. आयुष्यात प्रथमच मी मिरवणूक त्या बाजूने पाहिली. पुढच्या वळणावर पुन्हा ओरडलास, पुन्हा बदलली. टाकीपाशी, जिथे गतवर्षी दांडी सुटली, तिथे पोचण्यापूर्वीच ओरडलास. दर वेळी आधी. शरद, मी स्वतः इतक्या अचूकपणे ओळखू शकत नाही की आता दुखेल. तू खालच्या मजल्यावरचे सगळे ऐकलेले असल्याखेरीज हे शक्य नाही. टीव्ही लावूनही.

मिरवणूक विलंबाने पोचली. एका आजोबांनी विचारले की बाप्पा वाटेत कुठे जेवायला थांबले होते काय. पालखी उतरली, मूर्ती कुंडात गेली, लोक प्रसादाकडे वळले. तू उपरण्याने मान पुसत उभा होतास. आणि कुंडाच्या पाण्याकडे बघत विचारलेस:

"दुखतंय का, दादा?"

मी म्हणालो, "हो."

तू हाड जुळल्याचे सांगितले नाहीस, आराम सुचवला नाहीस, कोणाच्या मावशीचा लेप काढला नाहीस. नुसता उभा राहिलास. माझ्या त्या "हो"ला जागा देऊन.

दोन वर्षे लागली तुला एवढ्यासाठी! एका प्रश्नासाठी! या दोन वर्षांचा हिशेब मी तुला माफ केलेला नाही, आणि काल ओरडलास म्हणून गतवर्षीचा हशा पुसला गेला असे समजू नकोस.

आज खांदा दुखतो आहे, अपेक्षेप्रमाणे. उर्वीला फोन केला, म्हणाली, "काका, होणारच, घबराना नहीं. आज डाळीची पिशवी हलकी, पण सुट्टी नाही." मी पिशवी अर्धी रिकामी करून उचलली. ती आत्ता ओट्यावर आहे.

हे पत्रही टपालानेच येईल. अमिता म्हणते, आता तरी जिना चढा. मी तिला सांगितले, राग हा जुना भार आहे. एकदम खाली ठेवला तर खांदा धरतो. तो मी वळणावळणावर उतरवणार आहे. गजाननजी वर येतील तेव्हा त्यांना चहा दे, आणि पुन्हा जिन्यातून सदरा घालतानाचा माझा आवाज आला तर टीव्ही लावू नकोस. "खांदा" म्हणून ओरड.

आशीर्वादांवरील स्थगिती अंशतः उठवली आहे.

तुझा दादा,
दिवाकर